जागतिक फिगर स्केटिंग अजिंक्यपद स्पर्धा कोल्हापुरात बसून समजून कशी पाहावी

मार्चच्या उत्तरार्धात कोल्हापुरात रसवंतीगृहांपुढे गर्दी वाढू लागते, त्याच सुमारास जगात कुठेतरी एका बंदिस्त सभागृहात साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद बर्फावर जागतिक फिगर स्केटिंग अजिंक्यपद स्पर्धा भरते. ही स्पर्धा मी गेली अनेक वर्षे राजारामपुरीतल्या घरी बसून पाहतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षे मला त्यातले जवळजवळ काहीच कळत नव्हते. कोणी पडले की वाईट वाटायचे, कोणी न पडता संपवले की आनंद व्हायचा, आणि मग न पडलेला खेळाडू पडलेल्याच्या मागे कसा राहिला हे कोडे रात्रभर सुटायचे नाही. ते कोडे सोडवताना जे हाती लागले ते पहिल्यांदाच ही स्पर्धा पाहू इच्छिणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. माझे वडील मला लहानपणी खासबाग मैदानात कुस्त्या पाहायला नेत, तेव्हा ते म्हणत, की पैलवानाच्या तोंडाकडे किंवा हातांकडे पाहू नकोस, पायांकडे पाहा. डाव पायात आधी दिसतो. फिगर स्केटिंगला हा सल्ला तंतोतंत लागू पडतो. नवख्या प्रेक्षकाची नजर खेळाडूच्या हवेतल्या फेऱ्यांवर खिळते. पण हवेतले फेरे पाऊण सेकंदाच्या आत संपतात आणि ते मोजणे सरावलेल्या डोळ्यांनाही जड जाते. उडीची जात, तिची किंमत आणि तिचा दर्जा या तिन्ही गोष्टी बर्फावर, म्हणजे पाय सुटण्याच्या आधीच्या क्षणी आणि पाय टेकल्यानंतरच्या क्षणी ठरतात. म्हणून नजर पात्यावर ठेवण्याची सवय लावणे हीच खरी तयारी होय, आणि त्यासाठी स्पर्धेच्या आधीचा एक महिना पुरतो.

पात्याला दोन धारा असतात

स्केटचे पाते सुरीसारखे एका धारेचे नसते. त्याच्या तळाला लांबीभर उथळ खाच असते आणि त्यामुळे प्रत्येक पात्याला दोन धारा तयार होतात: अंगठ्याच्या बाजूची ती आतली धार आणि करंगळीच्या बाजूची ती बाहेरची धार. खेळाडू ज्या धारेवर कलतो, त्या बाजूला वळणारी कमान बर्फावर उमटते. सपाट पात्यावर, दोन्ही धारांवर एकदम, सरळ रेषेत घसरणे हे या खेळात कच्चेपणाचे लक्षण मानतात. पात्याच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात, त्यांना टो पिक म्हणतात. काही उड्यांच्या वेळी हे दाते बर्फात रोवून खेळाडू स्वतःला वर फेकतो.

या खेळाच्या नावातला 'फिगर' हा शब्दही याच धारांतून आला आहे. पूर्वी स्पर्धकांना बर्फावर आठाच्या आकड्यासारख्या ठरावीक आकृत्या एकाच पायावर, ठरलेल्या धारेने कोरून दाखवाव्या लागत आणि परीक्षक खाली वाकून त्या रेषा तपासत. १९९० मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स येथे जागतिक स्पर्धेत या आकृत्या शेवटच्या घेतल्या गेल्या. आकृत्या गेल्या, पण धार मात्र राहिली, आणि आजचे गुणपत्रक वाचतानाही पावलोपावली तिचीच गाठ पडते.

कोल्हापुरात बर्फाची रिंक नाही, ही अडचण खरी आहे. भारतात सिमल्याची नैसर्गिक बर्फाची रिंक १९२० पासून हिवाळ्यात चालते, आणि देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी पूर्ण आकाराची बंदिस्त रिंक बांधली गेली. पण इथून दोन्ही ठिकाणे दूर आहेत. तरीही घरात चाकांच्या स्केटवर जाणारे मूल असेल, तर त्याच्या शेजारी संध्याकाळी एक तास उभे राहावे. एका ओळीत चाके असलेल्या स्केटवर ते वळण घेताना घोटा कोणत्या बाजूला कलतो आणि कमान कोणत्या बाजूला जाते, हे डोळ्यांनी पाहिले की धार ही कल्पना पुस्तकी राहत नाही. माझ्या भाचीला मी असेच वळायला लावले होते, आणि त्या एका संध्याकाळीत मला जे कळले ते आधीच्या वर्षभरात वाचून कळले नव्हते.

सहा उड्या ओळखण्याचा सराव

एकेरी स्पर्धेत मोजल्या जाणाऱ्या मुख्य उड्या सहा आहेत: टो लूप, सालखोव, लूप, फ्लिप, लट्झ आणि अॅक्सेल. सर्वांची नावे एका दिवसात पाठ करण्याचा प्रयत्न करू नये. जुन्या स्पर्धेची चित्रफीत लावावी, उडीच्या नेमक्या आधी ती थांबवावी आणि स्वतःला क्रमाने तीन प्रश्न विचारावेत. खेळाडूचे तोंड पुढे आहे की पाठ पुढे आहे? दुसऱ्या पायाचे दाते बर्फात रोवले जात आहेत का? ज्या पायावर तो उभा आहे, तो घोटा आत कलला आहे की बाहेर? या तीन उत्तरांतून, आणि एखाद्या ठिकाणी कोणता पाय हे पाहून, सहाही उड्या वेगळ्या निघतात.

पहिल्या प्रश्नानेच अॅक्सेल सुटते, कारण तोंड पुढे ठेवून घेतली जाणारी ती एकमेव उडी आहे. नॉर्वेचे अॅक्सेल पॉल्सन यांनी ती १८८२ मध्ये केली. उडताना तोंड पुढे आणि उतरताना पाठ पुढे असल्यामुळे तिच्यात अर्धा फेरा जास्त पडतो. तिहेरी अॅक्सेल म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन फेरे. ती सर्वांत आधी ओळखायला शिकावी, कारण एकदा ती जमली की प्रेक्षकांत श्वास रोखण्याचा क्षण कुठे येतो ते आपोआप कळते. अमेरिकेचा इलिया मालिनिन याने सप्टेंबर २०२२ मध्ये लेक प्लॅसिड येथे चौपट अॅक्सेल, म्हणजे साडेचार फेरे, स्पर्धेत प्रथमच पूर्ण केली. त्याआधी अनेक वर्षे ती अशक्य मानली जात होती.

दुसऱ्या प्रश्नाने उरलेल्या पाचांचे दोन गट पडतात. सालखोव आणि लूप या धारेच्या उड्या आहेत; तिथे दाते रोवत नाहीत. सालखोवमध्ये मोकळा पाय पुढून वळसा घेत वर येतो, तर लूपमध्ये खेळाडू जणू खुर्चीवर बसावा तसा, दोन्ही पाय जवळ ठेवून, गुडघे वाकवतो आणि तिथूनच उठतो. टो लूप, फ्लिप आणि लट्झ या दात्यांच्या उड्या आहेत. बहुसंख्य खेळाडू घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. त्यांच्या बाबतीत टो लूप उजव्या पायावरून सुटते आणि डाव्या पायाचे दाते रोवले जातात, तर फ्लिप आणि लट्झ डाव्या पायावरून सुटतात आणि उजव्याचे दाते रोवले जातात.

आता राहिली फ्लिप आणि लट्झ ही जोडी, आणि इथे मात्र घाई करू नये, कारण या दोघींतला फरक समजला म्हणजे हा खेळ समजू लागला असे म्हणायला हरकत नाही. दोन्हींत पाठ पुढे, दोन्हींत डावा पाय खाली, दोन्हींत उजवे दाते. फरक फक्त डाव्या घोट्याच्या कलण्यात असतो: फ्लिपमध्ये तो आतल्या धारेवर, लट्झमध्ये बाहेरच्या धारेवर. बाहेरच्या धारेवर घसरताना कमान एका दिशेला वळत असते आणि उडीत शरीर मात्र त्याच्या उलट दिशेला फिरवावे लागते. वाहत्या पाण्याविरुद्ध वळावे तशी ही कसरत असल्यामुळे लट्झची किंमत फ्लिपपेक्षा जास्त ठेवली आहे. बरेच खेळाडू रिंकच्या कोपऱ्याकडे लांब कमानीत पाठमोरे जातात, सर्व काही लट्झसारखे दिसते, आणि शेवटच्या क्षणी घोटा नकळत आत पडतो. म्हणजे उडी नावाने लट्झ आणि प्रत्यक्षात फ्लिप. तांत्रिक अधिकारी ही चूक पकडतात, गुणपत्रकात त्या उडीपुढे 'ई' हे अक्षर येते आणि तिची किंमत कमी होते. धार संशयास्पद असेल तर उद्गारचिन्ह येते. चित्रफीत हळू करून ही चूक स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पकडावी. त्याचा आनंद निराळाच असतो. ऑस्ट्रियाचे आलोईस लुट्झ यांच्या नावाने ओळखली जाणारी ही उडी तिहेरी स्वरूपात स्पर्धेत प्रथम कॅनडाच्या डोनाल्ड जॅक्सन यांनी १९६२ मध्ये प्रागच्या जागतिक स्पर्धेत केली.

उतरण्याकडे पाहणे त्यामानाने सोपे आहे. सर्व उड्या पाठमोऱ्या, बाहेरच्या धारेवर उतरतात. चांगल्या उडीनंतर पाय टेकताच खेळाडूचा वेग तसाच राहतो आणि मागे लांब, स्वच्छ कमान उमटते. बर्फाचा फवारा उडाला, खेळाडू जागीच गोल फिरून थांबला किंवा गुडघा थरथरला, तर फेरे अपुरे राहिले असण्याची शक्यता असते. हवेतले फेरे मोजण्यापेक्षा उतरताना पाते कोणत्या दिशेला तोंड करून टेकले हे पाहावे. अधिकारीही पडद्यावर हाच क्षण पुन्हा पुन्हा पाहतात.

गुणांचे गणित

मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो आणि शेवटच्या माणसालाही तो दिसतो. इथे निकाल बेरजेने लागतो, आणि बेरीज कशी होते हे माहीत नसेल तर मन खट्टू होते. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी स्केटिंगच्या निकालावरून मोठा वाद झाला, आणि त्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत जाऊन २००४ मध्ये सध्याची पद्धत स्वीकारली गेली. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना दर दोन वर्षांच्या अधिवेशनात नियमांत फेरफार करते, म्हणून पुढचे आकडे २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचे समजावेत आणि दर हंगामाच्या आरंभी ते तपासून घ्यावेत.

प्रत्येक घटकाला, म्हणजे उडीला, गिरकीला किंवा पावलांच्या मालिकेला, एक मूळ किंमत असते. तिहेरी टो लूप ४.२, तिहेरी लट्झ ५.९, तिहेरी अॅक्सेल ८.०, चौपट टो लूप ९.५, चौपट लट्झ ११.५ आणि चौपट अॅक्सेल १२.५ इतक्या आकड्यांवरही काम भागते. या किमतीवर नऊ परीक्षक उणे पाच ते अधिक पाच असे दर्जाचे गुण देतात. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण वगळून उरलेल्यांची सरासरी काढली जाते. दर्जाची प्रत्येक पायरी मूळ किमतीच्या १० टक्के असते. म्हणजे तिहेरी लट्झला जोडून तिहेरी टो लूप केली, तर मूळ किंमत १०.१० होते, परीक्षकांची सरासरी अधिक ३ आली, तर जोडीतल्या महागड्या उडीचे, म्हणजे ५.९ चे ३० टक्के, अर्थात १.७७ मिळतात आणि एकूण ११.८७ होतात. हीच जोडी कार्यक्रमाच्या उत्तरार्धात केली, तर थकव्याची भरपाई म्हणून मूळ किंमत १० टक्क्यांनी वाढते. मात्र शॉर्ट प्रोग्राममध्ये, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या, लहान टप्प्यात, शेवटच्या एकाच आणि फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या, लांब टप्प्यात, शेवटच्या तीनच उड्यांच्या घटकांना ही वाढ मिळते.

आता पडण्याचा हिशेब पाहू, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो. चौपट लट्झ घेताना फेरे पूर्ण केले पण उतरताना खेळाडू पडला, तर दर्जाचे उणे ५ लागून ११.५ मधून ५.७५ जातात, शिवाय पडण्याचा १ गुण वजा होतो, हाती ४.७५ राहतात. साध्या, बऱ्या तिहेरी लट्झला ५.९ मिळाले असते. म्हणजे चौपट उडी करून पडण्यापेक्षा तिहेरी नीट करणे फायद्याचे ठरते. पण खेळाडू पडला नाही, नुसता अडखळला आणि दर्जाचे उणे २ मिळाले, तर चौपट लट्झचे ९.२ उरतात, जे तिहेरी अॅक्सेलच्या मूळ किमतीहूनही जास्त आहेत. अडखळलेला खेळाडू सफाईदार खेळाडूच्या पुढे कसा जातो, याचे उत्तर इथे आहे.

फेरे अपुरे राहिले तर वजाबाकी आणखी वाढते. उडी नेमका पाव फेरा कमी पडली तर गुणपत्रकात 'क्यू' हे अक्षर येते. तिथे मूळ किंमत टिकते पण दर्जाचे गुण कमी होतात. पाव फेऱ्याहून जास्त पण अर्ध्याहून कमी तूट असेल तर एक कोनचिन्ह (<) येते आणि उडीला मूळ किमतीच्या ८० टक्केच मिळतात. अर्धा फेरा किंवा त्याहून जास्त तूट असेल तर दोन कोनचिन्हे येतात आणि चौपट उडी तिहेरी समजली जाते. त्या स्थितीत पडल्यास चौपट लट्झचे जेमतेम १.९५ हाती लागतात. म्हणून खेळाडू पडला की लगेच हळहळू नये. आधी फेरे पूर्ण होते का, हे पुनर्दृश्यात पाहावे.

थेट प्रक्षेपणात पडद्याच्या कोपऱ्यात घटकागणिक चौकोन उमटतात. हिरवा म्हणजे दर्जाचे गुण अधिक, लाल म्हणजे उणे, पिवळा म्हणजे तो घटक तपासणीखाली आहे. पिवळे चौकोन दोन-तीन असतील, तर वर दिसणारी तात्पुरती बेरीज मनावर घेऊ नये.

गिरक्या आणि पावलांची मालिका यांना पायऱ्या असतात. सर्वांत वरची चौथी. चौथ्या पायरीच्या पावलांच्या मालिकेची मूळ किंमत ३.९ आहे, म्हणजे तिहेरी सालखोवच्या ४.३ च्या जवळपास. गिरकी का वेगावते हे समजण्यासाठी भोवरा आठवावा लागत नाही, फिरत्या खुर्चीवर हात पसरून बसावे आणि मग ते छातीशी घ्यावेत, इतके पुरे. पण गिरकीत पाहायचे ते वेगाइतकेच जागेचे: चांगली गिरकी एका नाण्याएवढ्या जागेत राहते, कच्ची गिरकी सरकत जाते.

दुसरे अर्धे गुण

उड्यांच्या गणितात रमलेला प्रेक्षक एक गोष्ट विसरतो, आणि तीच मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे. २०२२-२३ च्या हंगामापासून परीक्षक रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य अशा तीन अंगांना दहापैकी गुण देतात. त्यांच्या बेरजेला एका गुणकाने गुणतात: पुरुषांच्या शॉर्ट प्रोग्रामला १.६७ आणि फ्री स्केटला ३.३३, महिलांना अनुक्रमे १.३३ आणि २.६७. म्हणजे महिलांच्या फ्री स्केटमध्ये या बाजूने जास्तीत जास्त ८०.१० गुण मिळू शकतात. हा वाटा एखाद्या चौपट उडीने भरून निघण्याजोगा नाही.

जपानची काओरी साकामोटो २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे विश्वविजेती झाली, आणि तिच्या कार्यक्रमांत तिहेरी अॅक्सेलही नव्हती आणि चौपट उडीही नव्हती. तिची दुहेरी अॅक्सेल, जिची मूळ किंमत अवघी ३.३ आहे, ती मुद्दाम शोधून पाहावी. ती ज्या वेगाने उडीत शिरते त्याच वेगाने बाहेर पडते, उडी लांबच लांब जाते आणि उतरल्यानंतरची कमान थांबतच नाही. कॅनडाचा पॅट्रिक चॅन २०११ ते २०१३ सलग तीनदा जिंकला, तोही याच धारेच्या बळावर ओळखला गेला. कौशल्य मोजण्याची माझी एक साधी रीत आहे: आवाज बंद करावा, खेळाडूने एकदा रेटा दिल्यावर पुढचा रेटा देईपर्यंत तो किती अंतर जातो ते पाहावे आणि दोन्ही पाय एकाच वेळी बर्फावर किती वेळ राहतात ते पाहावे. कमी रेट्यात जास्त अंतर आणि बहुतेक वेळ एकच पाय खाली, असा खेळाडू धारेवर चालतो आहे हे निश्चित. मग आवाज सुरू करून तोच कार्यक्रम संगीतासह पुन्हा पाहावा.

अर्थात उड्यांची उंची गाठणाऱ्यांचे मोल यामुळे कमी होत नाही. १९८८ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंग यांनी पहिली मान्य चौपट उडी, टो लूप, केली. आणि २०२४ मध्ये माँट्रियलला मालिनिनने एकाच फ्री स्केटमध्ये सहा चौपट उड्या करून २२७.७९ गुण मिळवले. दोन्ही चित्रफिती पाठोपाठ पाहिल्या तर छत्तीस वर्षांत खेळ कुठे पोहोचला ते दिसते.

जोडी आणि आइस डान्स यांत नवख्याचा गोंधळ होतो, म्हणून एवढेच सांगतो: जोडीत जोडीदाराला डोक्यावर उचलणे, फेकून उडी घेववणे आणि एका हाताच्या आधाराने बर्फालगत फिरवणे असते, आइस डान्समध्ये फेकणे नाही, मोठ्या उड्या नाहीत, तिथे दोघांच्या धारा आणि अंतर हेच सर्वस्व असते. मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीने २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये भारतीय चित्रपटसंगीतावर मूळ नृत्य सादर केले होते. आपल्या घरातील मंडळींना या प्रकाराची गोडी लावायची असेल तर सुरुवात तिथून करावी. माझ्या आईने या खेळात पहिल्यांदा रस घेतला तो त्याच नृत्यामुळे.

आठवडा कसा आखावा

एकेरी स्पर्धेत दोन टप्पे असतात. शॉर्ट प्रोग्राम सुमारे २ मिनिटे ४० सेकंदांचा, त्यात सात घटक. फ्री स्केट सुमारे ४ मिनिटांचे, त्यात बारा घटक. शॉर्ट प्रोग्राममधले पहिले २४ जण पुढे जातात आणि दोन्ही टप्प्यांच्या बेरजेवर विजेता ठरतो. खेळाडू सहा-सहांच्या गटाने येतात, प्रत्येक गटाला सहा मिनिटे सराव मिळतो आणि फ्री स्केटमध्ये आघाडीचे सहा शेवटच्या गटात असतात. संपूर्ण शॉर्ट प्रोग्राम पाहायला चार तासांहून जास्त लागतात. नोकरी करणाऱ्याने त्यातले शेवटचे दोन गट आणि फ्री स्केटचे शेवटचे दोन गट पाहिले तरी चालेल. मात्र सहा मिनिटांचा सराव कधीही वगळू नये. कोण कोणती उडी पुन्हा पुन्हा तपासतो आहे आणि कोणाच्या चेहऱ्यावर धास्ती आहे, हे तिथेच दिसते, आणि पुढच्या अर्ध्या तासाचा अंदाज बांधता येतो.

वेळेचा हिशेब आधी कागदावर करावा. स्पर्धा जपानमध्ये असेल तर तेथील संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपल्याकडे दुपारचे तीन. मध्य युरोपात असेल तर रात्रीचे अकरा. अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, जशी ती २०२४ मध्ये माँट्रियलला आणि २०२५ मध्ये बोस्टनला होती, तर पहाटेचे चार. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात. त्या दिवसापासून आपले अंतर साडेचार तासांऐवजी साडेतीन तासांचे होते आणि कार्यक्रम आपल्या घड्याळात एक तास आधी येतो. ही बाब लक्षात न घेतल्यामुळे एका वर्षी मी समारोपाच्या प्रदर्शनाचा पहिला तास गमावला, आणि ती चुटपुट अजून आहे.

प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या संकेतस्थळावर भारतासाठी काय सोय आहे ते फेब्रुवारीतच पाहून ठेवावे. तिथेच प्रवेशिकांची यादी आणि वेळापत्रक मिळते. प्रवेशिकांच्या यादीत एका देशाचे एका प्रकारात तीनपेक्षा जास्त स्पर्धक नसतात, आणि ही संख्या त्या देशाच्या आदल्या वर्षीच्या कामगिरीवर ठरते. त्यामुळे शेवटच्या गटातला खेळाडू कधी स्वतःच्या पदकापेक्षा पुढच्या वर्षीच्या सहकाऱ्यांच्या जागेसाठी झटत असतो. प्रवेशासाठी किमान तांत्रिक गुणांची अटही असते. भारताच्या वतीने तारा प्रसाद युरोपाबाहेरच्या देशांसाठी असलेल्या चार खंडांच्या स्पर्धेत आणि २०२५ च्या हार्बिन आशियाई हिवाळी स्पर्धेत उतरली आहे. तिचे नाव ज्या यादीत असेल ती स्पर्धा अवश्य पाहावी, आणि तिच्या उड्यांना वर सांगितलेले तीन प्रश्न विचारावेत.

स्पर्धेचा इतिहास जाणून घेणे हवेच असे नाही, पण थोडा तरी माहीत असावा. पहिली स्पर्धा १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला फक्त चार पुरुषांत झाली. १९०२ मध्ये लंडनला मॅज सायर्स या ब्रिटिश महिलेने, नियमांत स्त्रियांना मनाई लिहिलेली नाही हे पाहून, पुरुषांच्याच स्पर्धेत नाव दिले आणि सालखोव उडीचे जनक उलरिक सालखोव यांच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक मिळवला. त्यानंतर नियमांत मनाई आली, आणि १९०६ मध्ये महिलांची स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती जिंकली ती मॅज सायर्स यांनीच. १९६१ ची प्राग येथील स्पर्धा झालीच नाही, कारण तिकडे निघालेला अमेरिकेचा संपूर्ण संघ ब्रुसेल्सजवळच्या विमान अपघातात मृत्युमुखी पडला. पुढच्या वर्षी त्याच प्रागमध्ये जॅक्सन यांची ती तिहेरी लट्झ झाली, हे ध्यानात ठेवून ती चित्रफीत पाहावी.

निकालानंतरचे काम

प्रत्येक टप्पा संपल्यावर संकेतस्थळावर सविस्तर गुणपत्रक येते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ते उघडावे. सर्वच पाने वाचण्याची गरज नाही. आपल्याला आवडलेला एक आणि निकालाने आश्चर्य वाटलेला एक, असे दोन खेळाडू घ्यावेत. डावीकडे घटकाची संक्षिप्त अक्षरे, त्यापुढे चूक दाखवणारी चिन्हे, मग मूळ किंमत, मग नऊ परीक्षकांचे आकडे, आणि शेवटी त्या घटकाचे गुण अशी मांडणी असते. मूळ किमतीजवळ फुलीसारखी खूण असेल तर ती उत्तरार्धातली दहा टक्के वाढ आहे. आदल्या रात्री आपण कोणत्या उडीला संशय घेतला होता ते आठवावे आणि तिथे खरोखर 'ई', 'क्यू' किंवा कोनचिन्ह आले आहे का ते पाहावे. पहिल्या वर्षी माझे दहापैकी दोन-तीन संशय खरे निघत. आता निम्म्याहून जास्त निघतात. परीक्षकांचे आकडे एकमेकांपासून फार दूर असतील, एकाचे अधिक ४ आणि दुसऱ्याचे अधिक १, तर तो घटक पुन्हा लावून पाहावा, कारण तिथे जाणत्यांतही मतभेद आहे आणि आपले मत बनवण्याची उत्तम जागा तीच असते.

यासाठी एक साधी वही ठेवावी. माझ्या वहीत प्रत्येक खेळाडूला अर्धे पान असते: वर नाव आणि वर्ष, खाली उड्यांचा क्रम, माझा अंदाज पेन्सिलीने आणि अधिकृत खूण शाईने. २०२५ च्या बोस्टनच्या पानावर अलिसा लिऊचे नाव आहे. सोळाव्या वर्षी खेळ सोडलेली ही मुलगी दोन वर्षांनी परतली आणि विश्वविजेती झाली, आणि तिच्या पानावर माझ्या पेन्सिलीची एकही संशयाची खूण नाही.

ऑगस्टच्या अखेरीस ज्युनिअर ग्रांप्री मालिका सुरू होते आणि ती संघटनेच्या यूट्यूब वाहिनीवर थेट पाहता येते. त्यात तेरा-चौदा वर्षांची मुले असतात, त्यांच्या चुका ठळक असतात आणि समालोचक घटकांची नावे स्पष्ट सांगतो. त्यामुळे नवीन प्रेक्षकाने मार्चची वाट न पाहता सरावाला तिथूनच लागावे. कोल्हापुरात तेव्हा गणपतीची धामधूम असते, म्हणून त्या आठवड्यांतील चित्रफिती नंतर पाहण्यासाठी नोंदवून ठेवाव्यात आणि आधी फक्त एकच उडी, अॅक्सेल, शोधत बसावे. दुसऱ्या आठवड्यात दात्यांच्या उड्या वेगळ्या काढाव्यात, आणि लट्झचा डावा घोटा दिवाळीच्या सुटीसाठी ठेवावा.